पुढे सरका, पुढे सरका!

दोस्तांनो, एक गंमत सांगू? तुमच्या पोटात आज जे जठर आहे ना, त्याचं आतलं अस्तर मागच्या रविवारचं नाहीच! ते कधीच गळून गेलं. आजचं आहे ते कोरं करकरीत. आणि पुढचा रविवार उजाडेपर्यंत हेही गेलेलं असेल!

हो, खरंच! जठराच्या आतल्या बाजूला सगळ्यांत वरच्या थरात ज्या पेशी असतात, त्या जेमतेम ३ ते ५ दिवस टिकतात. मग गळतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. (पेशी म्हणजे काय? आपलं सगळं शरीर ज्यांचं बनलंय ते इवले इवले जिवंत कण. इतके बारीक, की एकटादुकटा कण नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही.)

एवढी घाई कशाला बरं? कारण ती जागाच तशी आहे. भलतीच धोक्याची! चला, आत डोकावू या.

जठर म्हणजे एक पिशवी. बरगड्या संपतात तिथे, जरा डाव्या हाताला. तुम्ही पोळीभाजीचा घास गिळला की तो नळीतून घसरत घसरत या पिशवीत येऊन पडतो. तिथे त्याला कोण भेटतं, ओळखा पाहू!

हायड्रोक्लोरिक आम्ल! शाळेच्या प्रयोगशाळेत ज्या बाटलीला हात लावला की सर ओरडतात, त्या बाटलीतलंच हे आम्ल. लिंबू चाखलं की तुमचा एक डोळा आपोआप मिटतो ना? जठरातला रस भरात आला की लिंबालाही मागे टाकतो. आणि मोठ्या माणसाच्या जठरात असा रस दिवसाला दीड ते दोन लीटर तयार होतो. म्हणजे पाण्याच्या दोन बाटल्या भरतील! या आम्लाच्या जोडीला असतं पेप्सिन. डाळीतली, अंड्यातली, मटणातली प्रथिनं तोडायचं काम त्याचं.

थांबा, थांबा! इथे एक भारी प्रश्न येतो. मटण पचतं, मग जठर का नाही पचत? तेही मांसाचंच आहे की!

याचं उत्तर ऐकाल तर जठराला सलाम ठोकाल.

जठराच्या अस्तरावर एक बुळबुळीत थर असतो. भेंडी चिरताना हाताला लागतो ना, तसला. (शीऽऽ म्हणून नाक मुरडू नका. तो आहे म्हणून आपण आहोत!) या थराच्या खाली पेशी हळूच एक पदार्थ सोडत राहतात. कोणता असेल? बायकार्बोनेट! ढोकळा फुगवायला आई जो खायचा सोडा घालते, त्यातला मुख्य पदार्थ. आम्लाला सोडा भेटला की आम्लाचा सगळा तोरा उतरतो. म्हणजे बघा हं, हा थर मिलिमीटरभरही जाड नाही. पण त्याच्या वर लिंबाहून आंबट रस, आणि खाली पेशींपाशी जवळजवळ साधं पाणी!

एवढ्यावर भागत नाही. पावसाळ्यात अळूच्या पानावर पाण्याचा थेंब पाहिलाय? मोत्यासारखा टुणटुण घरंगळतो आणि पान कोरडंच्या कोरडं! आता आश्चर्य ऐका. जठराचं अस्तरही असंच पाणी झटकणारं असतं! १९८३ साली ब्रायन हिल्स, लेनार्ड लिख्टेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजून दाखवलं. अस्तरावर स्निग्ध पदार्थाचा अगदी पातळ लेप असतो. आम्ल असतं पाण्यात विरघळलेलं. ते या लेपावर टिकतच नाही.

आणि या सगळ्याच्या खाली पेशी उभ्या असतात, एकमेकींना घट्ट बिलगून. दोघींच्या मधून आम्ल शिरेल अशी फटच नाही.

म्हणजे पुढचं दार पक्कं, भिंती पक्क्या. मग भीती कसली?

भीती मागच्या दाराची!

जठराच्या खालच्या टोकाला स्नायूंची एक गोल कडी असते. तेच मागचं दार. जठरात अन्न घुसळून त्याची पातळ पेज झाली की हे दार जरासं उघडतं आणि पेज थोडी थोडी लहान आतड्यात सोडतं. वाहतूक एकेरी. पुढे जायचं, मागे यायचं नाही! पण या दाराच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर, एक अगदी वेगळाच रस येऊन पडत असतो. पिवळा-हिरवा. कडूजहर. त्याचं नाव पित्तरस.

आजी कधी कधी म्हणते, 'पित्त झालंय गं, घशाशी आंबट येतंय.' ते आंबट म्हणजे बहुतेक वेळा जठरातलं आम्ल. आपला हा पित्तरस वेगळा. रिकाम्या पोटी उलट्या झाल्या की शेवटी पिवळं, कडू पाणी पडतं ना? हां, तो हा!

पित्तरस यकृतात तयार होतो. मोठ्या माणसात दिवसाला अर्धा ते एक लीटर. यकृताच्या खाली पित्ताशय नावाची एक छोटी पिशवी असते, तिथे तो साठतो आणि घट्ट होतो. तुम्ही भजी खाल्ली, तूप-पोळी खाल्ली, की पित्ताशय स्वतःला पिळतं आणि पित्तरस आतड्यात सोडतं.

आणि त्याचा रंग कुठून येतो माहितीये? रक्तातून! रक्तातल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्या जुन्या झाल्या की शरीर त्यांची मोडतोड करतं. त्यातून आधी हिरवा आणि मग पिवळा रंग निघतो. खेळताना गुडघा आपटला की पहिल्या दिवशी काळंनिळं होतं, मग हिरवट, मग पिवळं. आठवलं? ते रंग आणि पित्तरसातले रंग एकच! (शीचा तपकिरी रंगही त्यातूनच बनतो. हे जेवताना कुणाला सांगू नका.)

आता पित्तरसाचं काम काय? भांडी घासायच्या साबणाचं! तेलकट कढई नुसत्या पाण्याने धुऊन बघा. निघतं का तेल? छे! साबण लावला की त्या तेलाचे बारीक बारीक थेंब होतात आणि पाण्याबरोबर निघून जातात. पित्तरसात पित्तक्षार नावाचे पदार्थ असतात. ते तुपातेलाचं अगदी हेच करतात. बारीक थेंब झाले की आतड्याला ते पचवता येतात. हा साबण शरीर वाया घालवत नाही हं! आतड्याच्या शेवटच्या भागात ९५ टक्क्यांच्या आसपास पित्तक्षार परत शोषून घेतले जातात आणि पुन्हा यकृताकडे पाठवले जातात. आपल्या घरातही इतकी काटकसर कुणी करत नसेल!

आतड्यात हा साबण म्हणजे गुणी बाळ. पण तो मागच्या दाराने जठरात शिरला तर?

विचार करा बरं. जठराच्या अस्तरावर काय होतं? स्निग्ध लेप! आणि साबण काय करतो? स्निग्ध पदार्थ धुऊन काढतो!

झालं! अळूचं पान आता अळूचं पान राहत नाही. थेंब घरंगळत नाही, पसरतो. शिवाय प्रत्येक पेशीभोवती जो पातळ पापुद्रा असतो, तोही स्निग्ध पदार्थाचाच. साबण त्यालाही भोकं पाडतो. आणि मग वाट बघत बसलेलं आम्ल सूऽऽ करून आत! हॉरेस डेव्हनपोर्ट नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात हे प्रयोगांनी दाखवून दिलं. तटबंदी फोडतो साबण, आणि त्या भोकातून आत घुसतं जठराचं स्वतःचंच आम्ल. दोघं आपापल्या खोलीत असतात तोवर शहाणे. एकत्र आले की दंगा!

पण घाबरू नका. थोडासा पित्तरस मागे येणं ही काही आजाराची गोष्ट नाही. तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या पोटात ते होतं. विशेषतः रात्री आणि पोट रिकामं असताना. म्हणजेच जठराला या दंग्याची सवय आहे!

हे सगळं माणसांना कळलं कसं? पोटात तर खिडकी नसते!

एकाच्या पोटात होती. खरोखरची! ६ जून १८२२. अमेरिकेतलं मॅकिनॉ नावाचं बेट. अलेक्सिस सेंट मार्टिन हा तरुण एका दुकानात उभा होता. कुणाची तरी बंदूक चुकून उडाली आणि गोळ्या त्याच्या पोटात घुसल्या. विल्यम बोमाँट हा तिथला लष्करी डॉक्टर धावत आला. त्याला वाटलं, हा काही वाचत नाही. पण सेंट मार्टिन वाचला! फक्त जखम बुजली ती विचित्र. जठराचं भोक बाहेरच्या कातडीला चिकटलं आणि तिथे एक कायमची खिडकी राहिली. तिच्यावर आपोआप एक झडपही तयार झाली. बोटाने झडप ढकलली की आत जठर दिसतंय!

बोमाँटने काय करावं? १८२५ सालापासून त्याने रेशमी दोऱ्याला मांसाचे, पावाचे, कोबीचे तुकडे बांधले, ते खिडकीतून आत सोडले आणि थोड्या थोड्या वेळाने ओढून बघितले, किती पचलं ते! बिचारा सेंट मार्टिन कंटाळायचा, वैतागायचा, पळूनही जायचा. मला विचाराल तर त्याचंच बरोबर होतं. आपल्या पोटात कुणी दोरे सोडत बसलं तर आपण तरी किती दिवस ऐकून घेऊ?

बोमाँटने १८३३ साली हे सगळं पुस्तकात छापलं. त्यात आपल्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे, एरवी जठरात पित्तरस दिसत नाही. पण एकदा तो दिसला, आणि बोमाँटने लिहून ठेवलं की त्याला बहुधा राग कारण झाला असावा. त्या दिवशी सेंट मार्टिनचं पित्त खवळलं होतं. अक्षरशः!

दुसरी गोष्ट तर आणखी अजब. कधी कधी बोमाँटला अस्तरावर लाल चट्टे आणि फोड दिसायचे. पण सेंट मार्टिनला त्याचा पत्ताच नसायचा! आणि काही दिवसांनी झडप उघडून पाहावं तर अस्तर पुन्हा छान, नितळ.

कुणी केली ही दुरुस्ती?

आता येतोय या लेखातला माझा सगळ्यांत लाडका भाग. जरा जवळ सरका.

समजा, पित्तरसाने अस्तरावरच्या काही पेशी मारल्या. तिथे एक उघडी जागा पडली. शरीर आता काय करेल? तुम्ही म्हणाल, सोपं आहे! नव्या पेशी तयार करेल आणि तिथे लावेल. पण एका पेशीच्या दोन पेशी व्हायला साधारण एक दिवस लागतो. दिवसभर ती जागा उघडी ठेवायची? वरून आम्ल ओतत असताना? मग तर खड्डाच पडेल!

म्हणून जठर एक निराळीच युक्ती करतं. एस. टी. बसमध्ये चढलात की कंडक्टरकाका काय म्हणतात? 'चला, पुढे सरका, पुढे सरका, मधे जागा आहे!' नवी माणसं आणायची नाहीत. आहेत त्यांनीच सरकून जागा भरायची. जठर हेच करतं! पेशी चक्क चालायला लागतात!

कुठल्या पेशी? जठराचं अस्तर सपाट नसतं. त्याला लाखो बारीक बारीक खळगे असतात. पित्तरस आणि आम्ल आले की वरच्या पेशी मरतात, पण खळग्यात दडलेल्या वाचतात. मग या वाचलेल्या पेशी काठावर येतात. एरवी त्या उभट असतात. आता त्या पापडाच्या लाटीसारख्या पसरतात. चपट्या, पातळ, रुंद. पुढच्या बाजूने एक पडद्यासारखा पातळ पाय काढतात, तो पुढे टेकवतात आणि बाकीचं अंग मागून ओढून घेतात. या काठावरून एक टोळी, त्या काठावरून दुसरी. मधोमध दोघी भेटतात, पुन्हा घट्ट बिलगतात. भोक बंद!

आणि वेळ किती लागतो? प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या जठरात वरवरची जखम अशी तासाभरात झाकली गेलेली शास्त्रज्ञांनी पाहिली आहे. एक तास! तुमच्या ढोपरावरची खपली पडायला आठवडा जातो. इथे शाळेचे दोन तास भरायच्या आत काम फत्ते!

१९८२ साली स्वॅनेस, इतो, सिलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर कमालच केली. त्यांनी बेडकाच्या जठराचं अस्तर घेतलं. शरीराबाहेर काढलेलं, एका उपकरणात बसवलेलं. त्यावर भरपूर खारट पाणी घातलं. वरच्या पेशी मेल्या. आता ते अस्तर बेडकाच्या अंगात नाही. त्याला रक्त मिळत नाही. मेंदूचा हुकूम मिळत नाही. तरीसुद्धा काही तासांत उरलेल्या पेशी सरकत सरकत आल्या आणि सगळी उघडी जागा झाकून मोकळ्या झाल्या! कंडक्टर नसतानाही प्रवाशांनी आपणहून जागा भरावी, तसं.

मात्र एक अट आहे. पेशींना चालायला खाली जमीन हवी. पेशींच्या तळाशी एक पातळ चटईसारखा थर असतो. तो शाबूत असेल तरच पेशी त्यावरून सरकू शकतात. आम्लाने ती चटईच जाळली तर? मग ही युक्ती चालत नाही. जखम खोल जाते आणि ती भरायला कित्येक आठवडे लागतात. तिलाच मोठी माणसं अल्सर म्हणतात.

म्हणून सगळी धडपड असते ती चटई वाचवायची. ती कोण वाचवतं बघा!

मेलेल्या पेशी वाया जात नाहीत. त्या, बुळबुळीत थर आणि रक्तातून झिरपलेले धागे, असं सगळं मिळून जखमेवर एक जाड टोपी तयार होते. या टोपीखाली पेशी निवांत चालतात. पावसात ताडपत्रीखाली गवंड्याचं काम चालावं तसं!

तेवढ्यात आत आलेल्या आम्लाचा अस्तराखालच्या नसांना सुगावा लागतो. त्या लगेच जवळच्या रक्तवाहिन्यांना इशारा देतात, 'रुंद व्हा!' रक्त धो धो येतं. जागा लालभडक होते. बोमाँटला लाल चट्टे दिसायचे, आठवतंय ना? हे वाढलेलं रक्त आत शिरलेलं आम्ल धुऊन नेतं आणि सोबत काय आणतं? सोडा!

हा सोडा येतो कुठून, ते तर ऐकाच. जठरातल्या ज्या पेशी आम्ल बनवतात, त्या आम्ल तयार करताना तेवढाच सोडाही तयार करतात! आम्ल सोडतात पिशवीत आणि सोडा सोडतात मागे रक्तात. आणि त्या रक्ताच्या बारीक नळ्या तिथून थेट वर, अस्तराच्या पेशींपाशी जातात. म्हणजे जितकं आम्ल जास्त, तितका सोडाही जास्त! ज्याने फटाका उडवला त्यानेच पाण्याची बादलीही भरून ठेवली. इतकी हुशारी मला तरी दुसरीकडे कुठे दिसलेली नाही.

आणखी एक मदतनीस आहे. ट्रेफॉइल नावाची छोटी प्रथिनं. त्यांच्या साखळीला तीन वेटोळी असतात, बेलाच्या तीन पानांसारखी. या आकारामुळे पेप्सिनला ती सहजासहजी तोडता येत नाहीत. जठरातल्या धुमश्चक्रीत ती टिकून राहतात आणि पेशींना सरकायला मदत करतात.

या सगळ्यांना जागं कोण करतं? प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ. अस्तराला जरा टोचलं की पेशी ते बनवतात. त्यांचा निरोप एकच. बुळबुळीत थर वाढवा, सोडा वाढवा, रक्त वाढवा!

आंद्रे रॉबर्ट यांनी १९८३ साली उंदरांवर एक मजेदार गोष्ट दाखवली. आधी उंदराच्या जठरात काहीतरी सौम्य घातलं. फिकं आम्ल, मिठाचं पाणी, असलं. मग थोड्या वेळाने जोरदार, जखम करणारं द्रव्य घातलं. काय झालं असेल? जखम झालीच नाही, किंवा झाली ती अगदी थोडी! सौम्य टोचणीने जठर आधीच सावध झालं होतं. आणि पित्तक्षारांच्या अगदी फिक्या पाण्यानेही जठर असंच सावध होतं, बरं का! म्हणजे रोज रात्री मागच्या दारातून येणारे ते चार थेंब म्हणजे जठराची तालीमच म्हणायची की!

पण पित्तरस चार थेंब नाही, रोज भरपूर यायला लागला तर?

अशी वेळ काही माणसांवर येते. थिओडोर बिलरोट या शल्यविशारदाने १८८१ साली व्हिएन्नामध्ये एका आजारी बाईंच्या जठराचा खालचा भाग कापून काढला आणि उरलेलं जठर आतड्याला जोडलं. असं ऑपरेशन यशस्वी होण्याची ती पहिलीच वेळ. जगभर टाळ्या! मग अशी ऑपरेशनं पुष्कळ होऊ लागली. पण यात मागचं दारच निघून जातं ना! मग काही रुग्णांच्या जठरात पित्तरस सारखा मागे येऊ लागला. त्यांच्यासाठी डॉक्टर आतड्याची जोडणी इंग्रजी 'वाय' अक्षरासारखी करतात, म्हणजे पित्तरस जठरापासून लांब, खालच्या बाजूला येऊन मिळतो. ही जोडणी सेझार रू या स्विस शल्यविशारदाच्या नावाने ओळखली जाते.

असं रोज पित्तरसाने न्हाणारं अस्तर सूक्ष्मदर्शकाखाली कसं दिसतं? इंग्लंडमधल्या लीड्स शहरात डिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली त्याचं नीट वर्णन केलं. ते मघाचे खळगे आठवा. एरवी सरळ आणि आखूड. इथे ते लांबच लांब झालेले. आणि नुसते लांब नाहीत, पीळ पडलेले. बॉलपेन उघडलं की आत स्प्रिंग निघते ना, तसे!

असं का? वरच्या पेशी भराभर मरतात. म्हणून खळग्यात खोलवर बसलेल्या मूळ पेशी भराभर नव्या पेशी बनवतात. खळगा लांबत जातो. पण जागा तेवढीच! मग काय करणार? घेतो वेटोळी!

आणखी एक नवल. जखम म्हटली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी सैन्यासारख्या धावून येतात, हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचलं असेल. इथे मात्र सैन्य फारसं दिसतच नाही! बरोबरच आहे की. लढायचं कुणाशी? जंतू आलेला नाही. आलाय तो आपल्याच घरातला साबण. त्याला मारायचं नसतं, फक्त मोडलेलं पुन्हा पुन्हा बांधायचं असतं.

आणि वर्षानुवर्षं हेच चाललं तर जठराच्या काही पेशी चक्क वेष बदलतात! त्या जठराच्या पेशींसारख्या राहतच नाहीत, आतड्याच्या पेशींसारख्या दिसायला लागतात. आतड्याला पित्तरसाची सवय असते ना, म्हणून त्याचाच गणवेश घालायचा! युक्ती म्हणून भारी वाटते, पण डॉक्टरांना ती मुळीच आवडत नाही. गणवेश बदलणाऱ्या पेशी क्वचित पुढे वाट चुकतात, म्हणून डॉक्टर अशा रुग्णांच्या जठरावर लक्ष ठेवतात. हे मोठ्यांच्या बाबतीत बरं का, आणि तेही पुष्कळ वर्षांनी.

तुमच्यासाठी मात्र दोन गोष्टी आजच लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

प्रोस्टाग्लँडिनचा निरोप बंद पाडणारी एक गोष्ट बहुतेक घरांतल्या औषधांच्या डब्यात असते. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन या दुखण्याच्या गोळ्या! या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन बनूच देत नाहीत, म्हणून दुखणं थांबतं. अ‍ॅस्पिरिनचं हे गुपित जॉन व्हेन यांनी १९७१ साली उलगडलं आणि १९८२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. पण निरोपच गेला नाही की जठर बेसावध राहतं. म्हणून डोकं दुखलं तरी डब्यातली गोळी आपल्या मनाने काढून घ्यायची नाही. कधीच नाही! कोणती, किती आणि कधी, हे मोठ्यांना ठरवू द्या.

आणि कधी उलटी झाली, तर ओशाळून लगेच पाणी ओतून मोकळे होऊ नका. रंग बघा. पिवळी होती की हिरवी, हे आईबाबांना सांगा. हिरवीगार असेल, पुन्हा पुन्हा होत असेल किंवा पोट खूप दुखत असेल, तर त्याच क्षणी सांगा, रात्र असली तरी उठवून सांगा. घरात तान्हं बाळ असेल आणि त्याला हिरवी उलटी झाली, तर जराही न थांबता त्याला डॉक्टरांकडे न्यायला सांगा. पित्तरस कुठे अडलाय आणि कुठून मागे फिरलाय, याचा पहिला सुगावा डॉक्टरांना त्या रंगावरूनच लागतो.